चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख

चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख (जन्म : १४ जानेवारी १८९६, नाते, जि. रायगड, मृत्यू : २ ऑक्टोबर १९८२, हैदराबाद) हे भारतीय सनदी अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, संस्कृतचे व्यासंगी आणि १९५० ते १९५६ या काळात भारताचे अर्थमंत्री होते. सी. डी. देशमुख या नावानेही ते परिचित आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देणारे मानी पुरुष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. या प्रसंगाच्या तेजात त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा पैलू काहीसा झाकोळून गेला. परदेशांतून विकासासाठी येणारा पैसा कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटींवर मिळतो, हे ठरण्याची पद्धत ज्या बारा वर्षांत घडली, त्या १९४४ ते १९५६ या काळात भारताच्या बाजूने बोलणाऱ्यांमध्ये देशमुख सतत अग्रभागी होते.

बालपण आणि शिक्षण

देशमुखांचा जन्म रायगड किल्ल्याच्या परिसरातील, महाडजवळच्या नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. आईचे नाव भागीरथीबाई. घराणे मूळचे रोह्याचे. शालेय शिक्षणाचा शेवटचा टप्पा त्यांनी मुंबईत धोबी तलाव परिसरातील एल्फिन्स्टन हायस्कुलात पूर्ण केला. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. ही शिष्यवृत्ती ज्यांच्या नावाची, ते नाना शंकरशेट गिरगावचेच. पुढे अर्थशास्त्राच्या रूक्ष आकडेमोडीत आयुष्य गेले तरी शाळेत जडलेला संस्कृतचा छंद देशमुखांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते १९१५मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. तेथे निसर्गविज्ञान हा त्यांचा विषय होता. वनस्पतिशास्त्रासाठी त्यांना फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले. १९१८ साली लंडन येथे झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले.

सनदी सेवा

मध्य प्रांत आणि वऱ्हाड येथे त्यांनी सुमारे वीस वर्षे नोकरी केली. डेप्युटी कमिशनर, जमाबंदी अधिकारी, महसूल सचिव, अर्थसचिव अशी पदे त्यांनी सांभाळली. १९३१च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. जमाबंदीच्या कामामुळे शेतसारा, पीकपाणी आणि खेड्यातील कर्ज यांची त्यांना प्रत्यक्ष माहिती झाली. पुढे परदेशी पाहुण्यांसमोर भारतीय शेतीविषयी बोलताना त्यांना केवळ पुस्तकी ज्ञानावर अवलंबून राहावे लागले नाही.

रिझर्व्ह बँक आणि स्टर्लिंगची शिल्लक

१९३९मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेशी संपर्क अधिकारी म्हणून जोडले गेले. बँकेचे मध्यवर्ती कार्यालय दोनच वर्षांपूर्वी कलकत्त्याहून मुंबईस आले होते. ते मध्यवर्ती मंडळाचे सचिव झाले, १९४१च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर झाले आणि सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. १९४४मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर हा किताब दिला.

त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते आणि बंगालमध्ये दुष्काळाने लोक मरत होते. या दोन गोष्टींचा आर्थिक संबंध समजून घेणे आवश्यक आहे. ब्रिटनने युद्धासाठी भारतातून धान्य, कापड, ज्यूट आणि मनुष्यबळ घेतले. परंतु त्याची किंमत सोन्यात किंवा मालात दिली नाही. लंडनमध्ये भारताच्या नावे स्टर्लिंग जमा होत गेले आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक भारतात रुपयांच्या नोटा काढत गेली. युद्धापूर्वी चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपेपर्यंत हा आकडा अकराशे कोटींच्या पुढे गेला. माल देशाबाहेर आणि नोटा देशात, यामुळे भाव कडाडले. म्हणजे ब्रिटनला दिलेल्या या उधारीचा भार प्रत्यक्षात उचलला तो भारतातील गोरगरिबांनी. युद्ध संपले तेव्हा लंडनमधील ही शिल्लक सुमारे १,७०० कोटी रुपये झाली होती.

भारत कर्जदार देशाचा धनको झाला होता. तथापि पैसा परत केव्हा आणि किती मिळावा, हे ठरविण्याचे सामर्थ्य ऋणकोच्या हाती होते. लंडनमधील काही राजकारण्यांना ही देणी अंशत: रद्द व्हावीत असे वाटत होते. स्वातंत्र्यानंतर टप्प्याटप्प्याने करार झाले. १९४८च्या करारात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद आणि भारतात मागे राहिलेल्या लष्करी सामग्रीची १० कोटी पौंड किंमत या शिलकेतून वळती झाली. उरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने मोकळी करण्याचे ठरले. पुढे १९५१मध्ये राष्ट्रकुल देशांची कोलंबो योजना सुरू झाली, तेव्हा भारताचाच हा पैसा मोकळा करणे ब्रिटनने त्या योजनेतील आपल्या वाट्यात धरले. मदत या शब्दाचा हिशेबाच्या वहीत किती सैल अर्थ होऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

गव्हर्नर असतानाच देशाची फाळणी, त्यामुळे पडलेली चलनाची आणि बँकेच्या मालमत्तेची विभागणी, तसेच १ जानेवारी १९४९ रोजी झालेले रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण ही कामे त्यांच्या देखरेखीखाली पार पडली. ३० जून १९४९ रोजी ते निवृत्त झाले.

ब्रेटन वुड्स परिषद

जुलै १९४४मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांचा आराखडा तेथे तयार झाला. भारत अद्याप पारतंत्र्यात असल्याने शिष्टमंडळाचे नेतृत्व व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते, देशमुख, आर. के. षण्मुखम चेट्टी, थिओडोर ग्रेगरी आणि मुंबईचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ हे सदस्य होते.

भारतीय शिष्टमंडळाने दोन आग्रह धरले. पहिला, नाणेनिधीच्या उद्दिष्टांत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या देशांच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख असावा. दुसरा, युद्धकाळातील स्टर्लिंगच्या शिलकेचा काही भाग तरी निधीमार्फत इतर चलनांत बदलून मिळावा. दोन्ही आग्रह मान्य झाले नाहीत. शिल्लक हा ब्रिटन आणि संबंधित देश यांच्यातील खासगी मामला आहे, अशी भूमिका ब्रिटनतर्फे जॉन मेनार्ड केन्स यांनी घेतली. या संस्थांतील मताधिकार वर्गणीच्या प्रमाणात ठेवण्यात आला, त्यामुळे गरजू देशांचा आवाज आरंभीच लहान राहिला. भारताचा कोटा ४० कोटी डॉलर ठरला. सोव्हिएत संघ या संस्थांत सामील झाला नाही, म्हणून पहिल्या पाच मोठ्या भागधारकांत भारताची वर्णी लागली आणि कार्यकारी मंडळात त्याला हक्काची जागा मिळाली. हा लाभ भारताच्या पदरात पडला तो महासत्तांच्या बेबनावामुळे.

जागतिक बँकेच्या कर्जवाटपाचा आरंभही लक्षणीय आहे. बँकेचे पहिले कर्ज १९४७मध्ये फ्रान्सला मिळाले, तेही २५ कोटी डॉलरचे. भारताची पाळी ऑगस्ट १९४९मध्ये आली आणि रेल्वेसाठी ३ कोटी ४० लाख डॉलर मंजूर झाले. देशमुख सुमारे दहा वर्षे या संस्थांच्या गव्हर्नर मंडळावर होते. १९५०मध्ये पॅरिस येथे भरलेल्या दोन्ही संस्थांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

गव्हाचे कर्ज

रिझर्व्ह बँकेतून निवृत्त झाल्यावर पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी देशमुखांना अमेरिका आणि युरोपसाठी भारताचे खास आर्थिक प्रतिनिधी नेमले. अमेरिकेकडून गहू मिळविण्याच्या वाटाघाटी हा त्या कामाचा एक भाग होता. परत आल्यावर नियोजन आयोगाच्या उभारणीचे काम त्यांच्याकडे आले. १९५०मध्ये स्थापन झालेल्या आयोगाचे ते सदस्य होते. त्याच वर्षी जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ती जबाबदारी देशमुखांवर आली. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले.

अर्थमंत्री झाल्यावर काही महिन्यांतच अन्नटंचाईने उग्र रूप धारण केले. मुंबईसारख्या शहरात १९४३पासून शिधावाटप सुरूच होते. गिरणगावातील कामगारांच्या घरची चूल रेशनच्या दुकानावर अवलंबून होती. डिसेंबर १९५०मध्ये भारताने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. अमेरिकेच्या कोठारांत गहू होता आणि भारताची गरजही उघड होती. तरीही विधेयक मंजूर व्हायला जून १९५१ उजाडला. कोरियातील युद्ध आणि साम्यवादी चीनची मान्यता या प्रश्नांवर नेहरूंनी घेतलेली स्वतंत्र भूमिका तेथील अनेक लोकप्रतिनिधींना रुचली नव्हती. गव्हाच्या बदल्यात मोनाझाइट, मँगनीज यांसारखी सामरिक महत्त्वाची खनिजे भारताने द्यावीत, अशीही मागणी पुढे आली. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम असते आणि तिच्या निर्यातीवर भारताने बंदी घातली होती.

याच काळात सोव्हिएत संघ आणि चीन यांनी धान्य देऊ केले. त्यानंतर वॉशिंग्टनमधील चर्चेला वेग आला. देणगीचा मूळ प्रस्ताव मागे पडून अखेर १९ कोटी डॉलरचे कर्ज देण्याचे ठरले. भारत सरकारलाही कर्जच अधिक पसंत होते. कर्ज फेडता येते, उपकाराचे ओझे मात्र परराष्ट्र धोरणावर बसते, असा तो विचार होता. या कर्जाच्या व्याजातील ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम भारतीय विद्यापीठांसाठी ग्रंथ, प्रयोगसाहित्य आणि अध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च करण्याची तरतूद होती. उशीर होऊनही गहू उपयोगी पडला. पण मागणी आणि मंजुरी यांमधील सहा महिने भुकेच्या मापाने मोजले, तर फार मोठे होते.

दोन गटांमधील अर्थमंत्री

५ जानेवारी १९५२ रोजी भारत आणि अमेरिका यांच्यात तांत्रिक सहकार्याचा करार झाला आणि पहिल्या टप्प्यात ५ कोटी डॉलर उपलब्ध झाले. चीनमध्ये साम्यवादी राजवट येऊन अडीच वर्षेही झाली नव्हती. भारतातील खेडी त्या मार्गाने जाऊ नयेत, ही राजदूत चेस्टर बोल्स यांची तळमळ त्यामागे होती. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ५५ ठिकाणी सामूहिक विकास प्रकल्प सुरू झाले.

मदतीला लागलेली दोरी १९५३मध्ये स्पष्ट दिसली. साम्यवादी देशांना सामरिक माल पुरविणाऱ्या राष्ट्रांची मदत थांबवावी, असा कायदा अमेरिकेने १९५१मध्ये केला होता. भारतातून थोरियम नायट्रेट चीनकडे रवाना झाल्याचे उघडकीस येताच या कायद्यान्वये भारताची सारी मदत बंद होण्याची वेळ आली. माल अगदी थोडा होता, परंतु कलम स्पष्ट होते. आपल्या व्यापारावर परकी कायद्याचे बंधन मान्य करण्यास नेहरू तयार नव्हते. बऱ्याच खलित्यांनंतर तडजोड झाली आणि मदत चालू राहिली. पुढील वर्षी अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला. भारताला संरक्षणखर्चाचा नव्याने विचार करावा लागला. एका शेजाऱ्याला दिलेल्या शस्त्रांमुळे दुसऱ्याच्या विकासाच्या पैशाला फाटे फुटतात, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

पोलादाच्या बाबतीत पारडे फिरले. जागतिक बँक सरकारी मालकीच्या कारखान्यांना कर्ज देण्यास नाखूश होती. १९५२मध्ये तिने पोलादासाठी ३ कोटी १५ लाख डॉलर दिले ते इंडियन आयर्न अँड स्टील या खासगी कंपनीला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी मात्र सोव्हिएत संघाने भिलाई येथे दहा लाख टनांचा सरकारी कारखाना उभारण्याचा करार केला. व्याज अडीच टक्के, फेड बारा वार्षिक हप्त्यांत आणि तीही रुपयांत, असे त्याचे स्वरूप होते. डॉलरच्या टंचाईत सापडलेल्या अर्थमंत्र्याला रुपयांतील परतफेडीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नव्हती. रूरकेला येथे जर्मन कंपन्यांशी बोलणी आधीच झाली होती. दुर्गापूरसाठी ब्रिटिश पुढे आले. तीन देशांचे तीन कारखाने एकाच योजनेत उभे राहू लागले, ते या स्पर्धेमुळे. उच्च तांत्रिक शिक्षणातही असेच झाले. मुंबईच्या आय.आय.टी.ला युनेस्कोमार्फत सोव्हिएत रुबल मिळाले. १९५८मध्ये तिचे पहिले वर्ग वरळीच्या सस्मिरा इमारतीत भरले. नंतर कानपूरला अमेरिकेने, मद्रासला जर्मनीने आणि दिल्लीला ब्रिटनने हात दिला.

मुंबई : वीज, भांडवल आणि अणुभट्टी

परदेशी भांडवलाचा लाभ मुंबईला तुलनेने लवकर झाला. लालबाग-परळच्या कापड गिरण्यांना १९१५पासून टाटांच्या सह्याद्रीतील जलविद्युत केंद्रांची वीज मिळत असे. पाऊस ओढ देई तेव्हा विजेचीही ओढाताण होई. शहराची मागणी वाढल्यावर औष्णिक केंद्राची गरज भासली आणि नोव्हेंबर १९५४मध्ये जागतिक बँकेने ट्रॉम्बेच्या केंद्रासाठी टाटांच्या वीज कंपन्यांना १ कोटी ६२ लाख डॉलर कर्ज मंजूर केले. हमी भारत सरकारची होती. कंपनी खासगी, अनुभवी आणि ताळेबंद चोख असलेली, म्हणून बँकेला हा प्रकल्प सोयीचा वाटला. मराठवाड्यासारख्या, ज्या भागात अशी कंपनी नव्हती, तेथील काळोखाला त्या काळी वॉशिंग्टनमध्ये वकील मिळणे अवघड होते.

५ जानेवारी १९५५ रोजी मुंबईत भारतीय औद्योगिक पत आणि गुंतवणूक महामंडळ, म्हणजेच आय.सी.आय.सी.आय., ही संस्था स्थापन झाली. खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी संस्था असावी, हा जागतिक बँकेचा आग्रह तिच्यामागे होता. बँकेने १ कोटी डॉलर कर्ज दिले. भारत सरकारने साडेसात कोटी रुपये बिनव्याजी दिले. अमेरिकी मदतीने आलेला माल देशात विकून जमलेल्या रुपयांतून ही रक्कम उभी राहिली. पाच कोटींच्या भागभांडवलात साडेतीन कोटी भारतीय, एक कोटी ब्रिटिश आणि ५० लाख रुपये अमेरिकी होते. समाजवादी समाजरचनेची भाषा करणाऱ्या सरकारच्या अर्थमंत्रिपदी असताना देशमुखांनी भिलाई आणि ही संस्था यांना एकाच वर्षात पैसा पुरविला. याला कोणी तत्त्वांची सरमिसळ म्हणेल. प्रत्येक देणाऱ्याकडून तो जे देण्यास राजी आहे ते घ्यावयाचे, ही या काळातील व्यवहारी रीत होती.

एप्रिल १९५६मध्ये कोलंबो योजनेअंतर्गत कॅनडाशी ट्रॉम्बे येथील अणुभट्टीचा करार झाला. ती भट्टी १९६० साली सुरू झाली.

मदतीचा उपयोग

पहिल्या पंचवार्षिक योजनेत सार्वजनिक खर्चाचा सुमारे एक दशांश भागच परदेशी मदतीतून आला. बाकीचा भार देशाने स्वत: उचलला. या मदतीचे फळ सर्वत्र सारखे मिळाले नाही.

हिवतापाविरुद्धची मोहीम यशस्वी झाली. १९५३पासून अमेरिकेकडून डी.डी.टी. मोठ्या प्रमाणावर आली. परंतु ती फवारायची कशी, कोठे आणि केव्हा, याचा अनुभव मुंबई प्रांताच्या आरोग्य खात्याने आधीच मिळविला होता. डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी धारवाड आणि कारवार भागात घरोघर फवारणीचे प्रयोग युद्ध संपताच सुरू केले होते. माहीतगार माणसे तयार होती, परदेशातून फक्त औषध यायचे होते. मध्य भारतातील कांस या चिवट गवताने व्यापलेली जमीन ट्रॅक्टरने मोकळी करण्यासाठी जागतिक बँकेने १९४९मध्ये १ कोटी डॉलर दिले, त्याचाही हेतू असाच नेमका होता.

सामूहिक विकास प्रकल्पांची गोष्ट निराळी. तेथे पैसा आणि सल्लागार आले; पण गावाचा कारभार गावाच्या हाती आला नाही. ग्रामसेवक वरून आलेली उद्दिष्टे पुरी करण्यात गुंतला. लोकांचा सहभाग अपुरा राहिल्याचे बलवंतराय मेहता समितीने १९५७मध्ये नोंदविले आणि त्यातून पंचायत राज्याची कल्पना पुढे आली.

दुसऱ्या योजनेत ४,८०० कोटी रुपयांच्या सार्वजनिक खर्चापैकी ८०० कोटी परदेशांतून येतील, असे गृहीत धरले होते. अवजड उद्योगांवरील या योजनेच्या भराबद्दल मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी वेगळे मत मांडले. अन्न, कापड अशा कामगारांच्या उपभोगाच्या वस्तूंना अग्रक्रम द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. तुटीच्या अर्थभरण्याला बी. आर. शेणॉय यांनी लेखी विरोध नोंदविला. देशमुखांनी योजना मान्य केली. १९५७-५८मध्ये परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली आणि १९५८मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने भारताच्या साहाय्यकर्त्या देशांचा गट स्थापन झाला. तोवर देशमुख मंत्रिमंडळाबाहेर पडले होते. मात्र या तंगीचा विचार करताना मूळ आराखड्यावर त्यांचीही संमती होती, हे विसरता येत नाही.

अर्थमंत्री म्हणून इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर (१९५५) आणि आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण (१९५६) हे त्यांचे अन्य महत्त्वाचे निर्णय होत.

मुंबईचा प्रश्न आणि राजीनामा

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५मध्ये प्रसिद्ध झाला आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी नाकारली गेल्याने मराठी मुलूख पेटला. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला. त्याच महिन्यात भिलाईचे दाते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह मुंबईच्या स्वागताचा स्वीकार करून गेले. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केला. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. या आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या पुढे शंभरावर गेली.

देशमुखांनी त्याच महिन्यात राजीनामा देऊ केला. नेहरूंच्या आग्रहामुळे तो काही महिने लांबला. जुलै १९५६मध्ये त्यांनी पद सोडले आणि लोकसभेत निवेदन केले. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचारविनिमय न होता घेतला गेला, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणी फेटाळल्याचेही त्यांना दु:ख होते. पुढच्याच महिन्यात संसदेने द्विभाषिक मुंबई राज्याचा पर्याय स्वीकारला. मुंबईसह महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले.

ज्या पंतप्रधानांच्या स्वतंत्र परराष्ट्र धोरणाचा खर्च भागविण्यासाठी देशमुखांनी सहा वर्षे परदेशी धनकोंशी वाटाघाटी केल्या, त्यांच्याशीच त्यांचा खटका उडाला तो आपल्या शहराच्या प्रश्नावर. मंत्रिमंडळातील त्यांची जागा टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घेतली.

उत्तरायुष्य

१९५६ ते १९६१ या काळात देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. गव्हाच्या कर्जावरील व्याजातून आलेले ग्रंथ आणि उपकरणे याच सुमारास भारतीय विद्यापीठांत पोहोचत होती, हा योगायोग मनोरंजक आहे. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थेचे ते संस्थापक अध्यक्ष. तिच्या उभारणीस रॉकफेलर फाउंडेशनने साहाय्य केले. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १९४५ ते १९६४ असे दीर्घकाळ सांभाळले. १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते उभे होते, व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या मागे ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना इंग्रज होत्या. १९४९मध्ये त्यांचे निधन झाले. १९५३मध्ये त्यांनी स्वातंत्र्यसैनिक, घटना समितीच्या माजी सदस्य आणि नियोजन आयोगातील सहकारी दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत आणली. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९७४ साली प्रसिद्ध झाले.

१९५९मध्ये त्यांना शासकीय सेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५मध्ये पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. दुर्गाबाईंच्या निधनानंतर दीड वर्षाने, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. रिझर्व्ह बँक १९८४पासून त्यांच्या नावे स्मृतिव्याख्यानमाला चालविते, आणि ठाणे महानगरपालिकेच्या स्पर्धा परीक्षा प्रशिक्षण संस्थेलाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.